लांब शॉटची वही: कॉन्स्तांत्सातला हॉल, नौपाड्यातला हॉल

‘युलिसिसेस गेझ’ या चित्रपटातले लांब शॉट, म्हणजे मध्ये कट न करता बराच वेळ चालणारे शॉट, मी वहीत उतरवतेय आणि आमच्या गटासोबत ठाण्यात त्यांचा सराव करतेय. मागच्या नोंदीत डॅन्यूब नदीवरच्या बार्जपाशी, म्हणजे सपाट मालवाहू होडीपाशी, थांबले होते. आता रुमानियातल्या कॉन्स्तांत्साचा शॉट वहीत पूर्ण उतरवून झालाय, नौपाड्यात त्यावरचा सराव सुरू झालाय आणि बोस्नियाच्या राजधानीतल्या, साराजेव्होच्या धुक्यालाही हात घातलाय. हा क्रम चित्रपटातला नाही, माझ्या अभ्यासाचा आहे. सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते हॉलमध्ये, त्यामुळे आजची नोंद बरीचशी हॉलबद्दलच आहे.

गटात नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. चित्रपट आहे थिओ अँजेलोपुलोसचा ‘युलिसिसेस गेझ’. साल १९९५, लांबी तीन तासांना जेमतेम कमी. हार्वी कायटेलने एका ग्रीक दिग्दर्शकाची भूमिका केलीय. त्याला नाव नाही, पटकथेत तो नुसता ‘ए’ आहे. अमेरिकेत बरीच वर्षं काढून तो ग्रीसमध्ये परततो आणि मानाकी बंधूंची तीन रिळं शोधायला निघतो. यानाकी आणि मिल्टन मानाकी ही खरी माणसं. बाल्कनमध्ये चित्रपटाचा कॅमेरा पहिल्यांदा चालवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात, आणि सूत कातणाऱ्या बायकांचं त्यांनी टिपलेलं दृश्य चित्रपटाच्या सुरुवातीलाच दिसतं. ही तीन रिळं डेव्हलपच झालेली नाहीत, म्हणजे त्यांत काय आहे ते कोणीच पाहिलेलं नाही. ज्यांनी फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं पाहिलीत आणि बाकीच्यांचं काय झालं असेल म्हणून हळहळलेत, त्यांना हा शोध वेगळा समजावून सांगायला नको.

शोधाची वाट मात्र एका कोसळत्या देशाकडे, युगोस्लाव्हियाकडे जाते. ग्रीसमधलं फ्लोरिना, अल्बानियातलं कोर्चा, मग मॅसिडोनियातलं बिटोला, रुमानियातलं बुखारेस्ट आणि कॉन्स्तांत्सा, डॅन्यूब, सर्बियातलं बेलग्रेड आणि शेवटी साराजेव्हो. युगोस्लाव्हिया सहा प्रजासत्ताकांचा देश होता. जून १९९१मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने फारकत घेतली, एप्रिल १९९२मध्ये साराजेव्होला वेढा पडला. तो उठला फेब्रुवारी १९९६मध्ये. म्हणजे मे १९९५मध्ये कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं तेव्हा साराजेव्होतली माणसं अजून वेढ्यातच होती. त्याच वर्षीचा पाम द’ऑर, म्हणजे पहिला पुरस्कार, गेला एमिर कुस्तुरित्साच्या ‘अंडरग्राउंड’ला. त्याचा विषयही युगोस्लाव्हियाच. दोन्ही लागोपाठ पाहा असं मी आग्रहाने सांगेन. तिथे सगळं ओसंडून वाहतं, इथे सगळं गोठलेलं आहे.

माझा मूळ प्रश्न पहिल्या नोंदीपासून तोच आहे. देश कोसळताना दाखवायचा असेल तर दिग्दर्शकाने कॅमेरा इतका शांत का ठेवावा? या चित्रपटात संसद नाही, नेत्याचं भाषण नाही, ‘आज अमुक राज्य फुटलं’ असं सांगणारं कोणी नाही. म्हाताऱ्या बाई आहेत, ज्या सत्तेचाळीस वर्षांनी बहिणीला भेटायला टॅक्सीतून सीमा ओलांडतात आणि कोर्चाच्या ओसाड चौकात बॅग घेऊन एकट्या उभ्या राहतात. बर्फात जागोजागी पुतळ्यासारखी थबकलेली माणसं आहेत. आणि टॅक्सीवाला, जो गाडी थांबवून बर्फाशी बोलतो, त्याला बिस्किट देतो. ही भूमिका थानासिस व्हेंगोसने केलीय. ग्रीसमध्ये तो विनोदी नट म्हणून घराघरांत माहीत होता. तिथल्या प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर हा थकवा पाहून काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार करते.

आता बार्ज. लेनिनचा प्रचंड पुतळा तुकड्यांत आहे. क्रेनने डोकं उतरवतात आणि मग तो आडवा पडून, बोट आभाळाकडे रोखून नदीतून निघतो. कोणा जर्मन संग्राहकाने विकत घेतलाय म्हणे. काठावरची माणसं बार्जच्या वेगाने पळतात, मग थांबतात, गुडघे टेकतात, छातीवर क्रूस काढतात. याचा सराव मी घोडबंदरला गायमुखच्या खाडीवर केला. फोन ट्रायपॉडवर, फोकस आणि एक्सपोजर लॉक, फ्रेम अजिबात हलवायची नाही. एक होडी फ्रेमच्या डावीकडून शिरून उजवीकडे बाहेर पडेपर्यंत थांबायचं. हाताशी लागलेली गोष्ट अशी की नुसत्या होडीने शॉट धरून ठेवला जात नाही. काठावर बसलेल्या एका काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि त्या क्षणापासून होडी महत्त्वाची झाली. अँजेलोपुलोसने काठ माणसांनी का भरला, ते गायमुखला बसल्यावर कळलं. पुतळ्याचं वजन बघणाऱ्यांच्या पळण्यात आहे. बाकी ढगाळ दिवस निवडा. अँजेलोपुलोस स्वतः ऊन टाळायचा, करडं आभाळ मिळेपर्यंत थांबायचा. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी असा उजेड फुकट मिळतो.

आता हॉल.

‘ए’ आपल्या तरुण आईचा हात धरून कॉन्स्तांत्सातल्या जुन्या घरात शिरतो. तो आत्ताच्याच वयाचा आहे, आई त्याच्याहून लहान. घरात नववर्षाची रात्र चालू आहे. नातेवाईक, पियानो, नाच. एकमेकांना १९४५च्या शुभेच्छा देतात. वडील छावणीतून परत येतात. नाच सुरू राहतो. दारातून दोन माणसं येतात आणि काकाला घेऊन जातात, आणि शुभेच्छा आता १९४८च्या आहेत. पुन्हा नाच. मग जप्तीची माणसं येतात आणि सामान न्यायला लागतात, पियानोसुद्धा. शुभेच्छा १९५०च्या. शेवटी सगळे फोटोला उभे राहतात आणि त्यांच्यात ‘ए’ लहान मुलगा झालेला असतो. हे सगळं एका शॉटमध्ये. मध्ये कट नाही, कोणी कपडे बदलत नाही, भिंतीवर साल लिहून येत नाही.

हा शॉट लांबीला दहा मिनिटांच्या आसपास जातो. ३५ मिमी फिल्म सेकंदाला दीड फूट सरकते, मिनिटाला ९० फूट. कॅमेऱ्यावर एका वेळी १००० फुटांचं मॅगझिन (फिल्मचा डबा) चढतं, म्हणजे साधारण अकरा मिनिटं. याचा अर्थ योर्गोस आर्व्हानिटिस आणि आंद्रेआस सिनानोस हे छायालेखक जवळजवळ अख्खं मॅगझिन या एका टेकसाठी घालत होते. नवव्या मिनिटाला कोणाचा पाय अडखळला तर सगळी फिल्म वाया. आपल्या फोनमध्ये अर्धा तास सलग चित्रण करता येतं, त्यामुळे आपल्याला ही धाकधूक कळत नाही. म्हणून मी सरावासाठी अकरा मिनिटांचा गजर लावते. गजर झाला की टेक संपला, मग तो कितीही रंगात आलेला असो.

वहीत हा शॉट उतरवताना मी आधी कॅमेऱ्याच्या हालचाली लिहीत होते. इतके फूट पुढे, इतका पॅन (जागेवरून कॅमेरा आडवा वळवणं). त्यातून काही उलगडेना. मग रकानेच बदलले. दारातून आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, बाहेर काय नेलं, तेव्हा कोणी मान वळवली. या चार रकान्यांत शॉट आपोआप उलगडला. पाच वर्षं कॅमेऱ्याने ओलांडलेलीच नाहीत, ती दाराने ओलांडलीत. आत येणारे सुरुवातीला आपले आहेत, मग परके येऊ लागतात. बाहेर आधी माणूस जातो, मग वस्तू. राजवट बदलली, मालमत्ता गेली, घर गाव सोडायला लागलं, हा सगळा इतिहास एका चौकटीतून आत-बाहेर होतो. कॅमेरा शांत आहे कारण त्याला सगळं दिसेल अशा जागी उभं केलंय आणि तिथून तो पळ काढत नाही. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला या हॉलमध्ये मिळालं असं मी मानते.

नौपाड्यात मावशीची इमारत पुनर्विकासाला गेलीय. रहिवासी एकेक करून भाड्याच्या घरात निघालेत. मावशीचं सामान हलण्याआधी तिने आम्हाला हॉल वापरायला दिला. मोझॅकची जमीन, खिडकीला लोखंडी गज, एका भिंतीला शोकेस, कोपऱ्यात आजीची वेताची खुर्ची, आणि बाहेरच्या दाराला लागूनच स्वयंपाकघराचं दार. दोन दारं एकाच फ्रेममध्ये मिळणं ही मोठी गोष्ट आहे. घरातली माणसं एका दारातून येतात, बाहेरची दुसऱ्या, आणि प्रेक्षकाला न सांगता फरक कळतो.

आम्ही तीन पाडवे एका शॉटमध्ये घेतोय. साल सांगायला पहिल्यांदा भिंतीवरची कॅलेंडरं बदलायचा विचार होता, तो सोडून दिला. कॅलेंडर बदललं की प्रेक्षक भिंत वाचत बसतो. त्याऐवजी नमस्कार ठेवला. पहिल्या पाडव्याला सगळी मुलं खुर्चीत बसलेल्या आजीला वाकून नमस्कार करतात. दुसऱ्या पाडव्याला खुर्ची रिकामी आहे आणि एक लहान मुलगी सवयीने तिच्याकडे वळते, मग तिची आई तिला खांद्याला धरून मावशीसमोर नेते. तिसऱ्या पाडव्याला हमाल खुर्ची उचलून नेतात आणि नमस्कार दाराशी उभ्या उभ्या उरकतो. आजीचं काम शेजारच्या काकूंनी केलं. पहिल्या भागानंतर त्यांना फ्रेमबाहेर पडायला मिनिटभरच मिळतं, तेही कोणाचं लक्ष न जाता. त्या वेळी फराळाची ताटं आत येतात आणि सगळ्यांच्या नजरा ताटांकडे जातात. ताटांच्या आडून काकू स्वयंपाकघरात. ही युक्ती कॉन्स्तांत्साचीच. नाचणाऱ्या जोड्या कॅमेऱ्यासमोरून गेल्या की मागे कोण आलं, कोण गेलं, ते झाकलं जातं.

कपाट मात्र अडतं. लोखंडी कपाट बाहेरच्या दारातून सरळ निघत नाही, तिरपं करून, एक पाय आधी काढून मग वळवावं लागतं. हमालांनी ते सहज केलं, पण त्यात बराच वेळ जातो आणि तेवढा वेळ दार पूर्ण बंद. आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं की कपाट काढून टाकू, शिलाई मशीन नेऊ, ते पटकन जातं. मी अडून बसले. दार अडलेलं असताना घरातली सगळी माणसं आतच राहतात, कोणालाच कुठे जाता येत नाही, आणि हमालांचं ‘जरा तुमच्याकडे घ्या, अजून, बस’ एवढंच ऐकू येतं. सगळ्या शॉटमधला तोच भाग मला सगळ्यात खरा वाटतो. कपाट राहिलं.

एक फरक मी गटाला प्रत्येक वेळी सांगते आणि इथेही सांगते. आमच्या हॉलमधून जे बाहेर जातंय ते मावशीच्या सहीने, करार करून जातंय. नवीन घर मिळणार आहे. कॉन्स्तांत्सात कोणी विचारत नाही. त्यामुळे आम्ही तो प्रसंग नौपाड्यात पुन्हा उभा करतोय असं कोणी समजू नये. आम्ही दाराचा उपयोग शिकतोय. जप्तीचं दुःख ज्यांनी सोसलं त्यांचं आहे, ते आपल्या हॉलमध्ये ओढून आणण्याचा आपल्याला हक्क नाही.

साराजेव्होवर आत्ता थोडंच. वेढ्यात धुकं पडलं की नेमबाजांना दिसत नाही, म्हणून लोक घराबाहेर येतात. सर्ब, क्रोएट, मुस्लिम तरुणांचा वाद्यवृंद वाजवतो, नाटक होतं, माणसं फिरायला निघतात. रिळं जपणारा म्हातारा इवो लेव्ही ‘ए’ला आणि आपल्या कुटुंबाला घेऊन नदीकाठी जातो. ही भूमिका अर्लंड योसेफसनची. आधी ती जान मारिया व्होलोन्तेकडे होती, पण चित्रीकरण चालू असतानाच डिसेंबर १९९४मध्ये फ्लोरिनाला त्याचं निधन झालं. धुक्यात कुटुंब पुढे जातं आणि पडदा पांढरा होतो. मग जे होतं ते सगळं आपण ऐकतो. गाडी, आवाज, गोळ्या, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज. आपल्याला एकही प्रेत पडताना दिसत नाही आणि मला त्याहून भयंकर दृश्य आठवत नाही.

इथे माझे चार रकाने चालत नाहीत, कारण दारच नाही. नवीन पानावर दोनच रकाने केलेत, आवाज जवळचा आणि आवाज लांबचा. ठाण्यात असं दाट धुकं मिळणं कठीण, म्हणून आमच्या साउंडवाल्या मित्राने वेगळा मार्ग सुचवला. लेन्ससमोर पांढरी चादर ताणायची आणि उपवन तलावावर पहाटे आवाज रेकॉर्ड करायचे. माणसांच्या चालण्याचे, हाका मारण्याचे, दुचाकी लांबून येऊन थांबण्याचे. मग ते चादरीच्या पांढऱ्या चित्रावर बसवायचे. पहिले आवाज घेऊन झालेत. दुचाकी थांबल्यानंतरची शांतता किती ठेवायची, यावर आमचं अजून एकमत नाही. मी जास्त ठेवण्याच्या बाजूने आहे.

एलेनी काराइंद्रूचं संगीत आणि किम काश्काशियानचा व्हायोला यांबद्दल खूपजणांनी विचारलंय. ते स्वतंत्र नोंदीत लिहीन. वही भरताना मी आवाज बंद ठेवून बघते, कारण तो व्हायोला लागला की हात लिहायचा थांबतो.

मावशीचं सामान महिनाअखेर हलतंय, त्याआधीच्या रविवारी शेवटचे टेक घ्यायचे आहेत. नाचाच्या जागी आम्ही फराळ वाढण्याची धावपळ ठेवलीय, तिच्यासाठी फ्रेममध्ये अजून चार-पाच माणसं हवीत. जुने, रोजचे कपडे घालून या, तिन्ही पाडव्यांना तेच राहतील. चपला जिन्यातच काढा, मोझॅकवर त्यांचा आवाज फार येतो. आणि कोणाकडे कपाट उचलताना वापरायचे जाड पट्टे असतील तर घेऊन या, हमालांनी मागितलेत.