'गेट'पाशी अडलेले दोन महिने

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा फॉर्म, फी, पासपोर्ट हे सगळं एका दुपारी उरकलं. दोन महिने अडले ती 'गेट' (get) या एवढ्याशा क्रियापदापाशी, आणि तयारीसाठी लावलेल्या क्लासवरचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्याच आठवड्यात झेरॉक्स हातात पडली: 'गेट'चे बत्तीस अर्थ. मिळणे, होणे, पोहोचणे, आणणे, कळणे... पाठ करा म्हणाले, केले. सराव परीक्षेत दाढदुखीबद्दल बोलताना मी म्हटलं, 'आय रिमूव्ह्ड माय टूथ.' सरांनी फुली मारली. का, विचारलं तर, 'यादी पुन्हा वाचा, मॅडम.' महिनाभर वाचली. तशाच वाक्यांवर फुल्या पडत राहिल्या.

उलगडा केला वहिनीने, भाकऱ्या थापता थापता. ती झेडपीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणाली, "आपण 'दाढ काढली', 'केस कापले', 'घर बांधलं' म्हणतो. काम दुसऱ्याने केलं हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं की कात्री तुझ्याच हातात. 'कापून घेतले' म्हणायचंय ना? मग 'आय गॉट माय हेअर कट'. आधी गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप." आपलं 'करून घेणे' ते हेच! ही एक ओळ फळ्यावर लिहायला किती वेळ लागला असता?

तिनेच विचारलं, "भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, जावं लागतं. 'लागणे'ची यादी कधी पाठ केलीस?" तेव्हापासून मी 'गेट'च्या पुढचा शब्द बघते. पुढे विशेषण असलं की बहुतेक 'होणे': गेट टायर्ड. ठिकाण असलं की 'पोहोचणे': गेट होम. वस्तू असली की 'मिळणे' किंवा 'आणणे'. यादी फाडून टाकली.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. मधल्या भागात कार्ड देतात, तयारीला १ मिनिट, मग २ मिनिटांपर्यंत बोलायचं. घराबद्दल बोलताना 'वी गॉट द रूफ रिपेअर्ड' तोंडातून सहज आलं. स्पीकिंगला ७ मिळाले. निकाल कळताच पहिला फोन वहिनीला केला.

हो, 'गॉटन' ऐकून गोंधळू नका, ते अमेरिकन रूप आहे. ब्रिटिश 'गॉट' म्हणतात, परीक्षेत दोन्ही चालतात. निबंधात मात्र 'गेट' जपून वापरा, तिथे 'रिसीव्ह', 'बिकम' शोभतात.