यादीतून वगळलेले बेट

"तिथे बघण्यासारखं काहीच नाही हो, काका," असे म्हणत आज धरमपेठेतील एका प्रवासी कंपनीच्या कार्यालयात समोरच्या तरुणाने माझ्या कागदावरील 'डेल्फ्ट' या बेटाच्या नावावर रेघ मारली आणि सिगिरिया, कँडी, एल्ला, बेंटोटा असा श्रीलंकेचा ठरलेला कार्यक्रम पुढे केला.

ते बेट मी पूर्वी पाहिले आहे आणि या वेळी ते बहिणीला दाखवायचे आहे. जाफन्याहून पुंगुडुतीवूपर्यंत रस्त्याने आणि पुढे कुरिकट्टुवानच्या धक्क्यावरून सुमारे तासभर बोटीने तिथे पोहोचता येते. वाटांच्या कडेची कुंपणे प्रवाळदगडांची आहेत. चुना न वापरता नुसते एकावर एक रचलेले हे दगड जवळून पाहिले, की एके काळी त्यांत जीव होता याच्या बारीक नक्षीदार खुणा दिसतात, आणि बोट फिरवले तर त्या खरखरीत लागतात. पलीकडच्या माळावर पोर्तुगीज-डच काळात आणलेल्या घोड्यांचे वंशज मोकळे चरत असतात.

त्या तरुणाला मी दोष देत नाही, कारण लोक जे मागतात तेच तो विकतो. पण न पाहिलेल्या जागेबद्दल इतक्या खात्रीने "काहीच नाही" म्हणता यावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. रामटेकला वर्षानुवर्षे जाणारे आपण नागपूरकर तरी वाटेवरच्या मनसरला, वाकाटककालीन विटांचे अवशेष पाहायला, कितीदा थांबतो?

डेल्फ्ट मी कार्यक्रमात पुन्हा लिहायला लावले आहे. श्रीलंकेतील अशी एखादी जागा तुम्ही पाहिली असेल, तर सांगाल का?