तुम्ही विचारलंत म्हणून : साठ हजारांत गेमिंग पीसी

प्रश्न ठरलेला असतो. ‘मॉनिटर सोडून साठ हजार आहेत, पहिलाच पीसी स्वतः जोडायचाय, लिस्ट द्या ना.’ सोबत बहुतेक वेळा एक कच्ची लिस्टही असते. तिच्यात प्रोसेसर भारी, मदरबोर्डावर रंगीत दिवे, कॅबिनेटला सहा पंखे, आणि ग्राफिक्स कार्डाच्या ओळीपर्यंत येता येता पैसे संपलेले. शेवटी उरलेली दोनेक हजारांची चिल्लर एसएमपीएसला, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्याला.

ही लिस्ट उलटीकडून करायची. आधी मॉनिटर कोणता ते ठरवा, मग कार्ड, मग बाकीचं. १९२० बाय १०८०चा पडदा असेल तर साठातले बावीस-पंचवीस हजार कार्डाला बाजूला काढा आणि ८ जीबी मेमरीच्या खाली उतरू नका. रेडिऑन आरएक्स ६६०० या कामाला पुरतं. गेमच्या सेटिंग दोन पायऱ्या खाली आणल्या तर बहुतेक गेम मजेत चालतात. ४ जीबीची स्वस्त कार्डं दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आरएक्स ६५०० एक्सटीचंच उदाहरण बघा: ते बोर्डाशी फक्त चार लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर बोलतं. जुन्या, पीसीआयई ३.० बोर्डावर (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्डामधला रस्ता) कार्डाची मेमरी भरली की रॅममधून माल आणायला तेवढीही वाट पुरत नाही आणि गेम अडखळतो.

प्रोसेसरला रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि डब्यात पंखा मिळतो म्हणजे कूलरचे पैसे वाचले. दुकानदार ५६००जी हातात ठेवतो तेव्हा मात्र थांबा. नाव सारखंच दिसतं, पण त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, ३२ऐवजी १६ एमबी आहे. कार्ड आत्ता घेणं शक्यच नसेल आणि सहा महिने बिल्ट-इन ग्राफिक्सवर काढायचे असतील, तरच ‘जी’ घ्या. आता या प्रोसेसरचा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची त्याची बैठक, एएम४. तो २०१७पासून रायझनला आहे आणि २०२२मध्ये एएम५ आला, म्हणजे एएम४ची वाट इथे संपते. चार वर्षांनी प्रोसेसर बदलायचा ठरवलात तर बोर्ड आणि रॅमही बदलावी लागेल. एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते. ते सगळं साठात बसवायला गेलं की कात्री कार्डावरच चालते, म्हणून मी एएम४च सांगतो.

बोर्ड बी५५० चिपसेटचा मिळाला तर उत्तम, नाहीतर बी४५०. दुकानात एकच प्रश्न विचारा: बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट केलेला आहे का? जुन्या साठ्यातल्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. पंखे फिरतात, पडदा काळा, आणि माणूस दोन दिवस रॅम काढून-घालून बघत बसतो. पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण मागच्या बाजूला असेल तर चिंता नको.

रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन काड्या, डीडीआर४ ३२००. एकच १६ची काडी घेतली तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद. रॅमचे भाव सोन्यासारखे वर-खाली होतात, तेव्हा ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशीचा भाव धरा. साठवणीला एनव्हीएमई एसएसडी शक्यतो १ टीबीची घ्या. एकेक गेम शंभर जीबी खातो, ५०० जीबीत तीनच मोठे गेम बसतात.

आता एसएमपीएस. फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. स्टिकर नीट वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या लाइनपुढे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट ज्या लाइनींना आहेत, त्यांचा प्रोसेसर-कार्डाला काडीचा उपयोग नाही. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट ओढतं, ५६०० पंचाहत्तरच्या आसपास जातो, वर पंखे, बोर्ड, एसएसडी. गेम ऐन रंगात आला की मशीन फट्‌कन बंद पडतं आणि दोष बिचाऱ्या कार्डाला जातो. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या, ज्याच्या १२ व्होल्टला ४२-४५ अँपिअर आहेत. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट झाल्यावर डबा वेळेत बंद होईल की नाही, याची हमी त्यात नाही. ती वॉरंटीच्या वर्षांवरून ताडायची. पाच वर्षं देणारा सहसा आतला माल बरा वापरतो.

याला जोडूनच यूपीएस. घरात ६०० व्हीएचा असतो, तो साधारण ३६० वॅटचा. आकडा पुरेसा वाटतो, पण लाइट गेल्यावर हे छोटे यूपीएस चौकोनी लहर सोडतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढायची सोय) असलेले चांगले एसएमपीएस त्या लहरीवर कधीकधी अडून बसतात. मशीन त्याच क्षणी रीस्टार्ट होतं. गेमिंग पीसीला १००० व्हीए तरी धरा आणि लाइट गेली की गेम सेव्ह करून बंद करा. यूपीएस खेळायला नाही. अर्थिंगही तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन, मग पीसी.

कॅबिनेट पुढून जाळीचं. समोर काचेची सलग पाटी असलेलं फोटोत छान दिसतं, पण हवा येणार कुठून?

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्यात तपकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. ‘बिलाशिवाय कमी लावतो’ म्हणणारा तुमची वॉरंटी विकत घेतोय.

जोडताना प्रोसेसर सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता सोडायचा, दाबायचा नाही. या प्रोसेसरला खाली पिना आहेत, एक वाकली की संपलं. डब्यातल्या पंख्यासाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की मागची लोखंडी पाटी सुटून खाली पडते. नवशिक्या घाबरतो. ती तशीच असते, बोटांनी मागून धरून ठेवा आणि चारही स्क्रू तिरपे, थोडे थोडे आवळा. पंख्याला उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी लावू नका. रॅम चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

पडदा काळाच राहिला तर पहिल्यांदा मॉनिटरची केबल बघा. ती बोर्डाला लावलेली असते, कार्डाला नाही, आणि ५६००मध्ये ग्राफिक्सच नाही. सुरू झालं की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम २४००वर किंवा त्याहूनही खाली चालत राहते. शेवटी, मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) १४४ करा. तो आपण होऊन बहुधा ६०वरच बसलेला असतो.