ज्यांना काही झालेलं नाही, त्या बायका

"ताई, तुम्ही तर संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंत, मग कॅन्सरच्या दवाखान्यात काय करता?" लग्नकार्यात, लोकलच्या डब्यात, बारावीतल्या मुलींच्या आयांकडून हा प्रश्न मला हमखास येतो. पूर्वी मी "आकडेमोड" म्हणून मोकळी व्हायचे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

समजा, एका डॉक्टरांनी फाइल आणली. तोंडाचा कॅन्सर झालेल्या १०० बायका, त्यातल्या ६० मिश्री लावणाऱ्या. कारण सापडलं असं वाटतं ना? माझा पहिला प्रश्न असतो: त्याच भागातल्या, त्याच वयाच्या, कॅन्सर नसलेल्या १०० जणींत मिश्री लावणाऱ्या किती? तिथेही ६० निघाल्या तर त्या फाइलमधून मिश्रीबद्दल काहीच कळलं नाही. ३० निघाल्या तर मात्र आकडे बोलू लागतात. रुग्णांमध्ये लावणाऱ्या ६० ला न लावणाऱ्या ४०, म्हणजे दीड. इतरांत ३० ला ७०, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की साडेतीन, म्हणजे रुग्णांमध्ये हे गुणोत्तर इतरांच्या साडेतीन पट. हा भागाकार शाळेतलाच आहे. कस लागतो तो त्या दुसऱ्या १०० जणी निवडताना.

हे मी शिकले जॅनेट लेन-क्लेपन यांच्या कामातून. १८७७ साली जन्मलेल्या या ब्रिटिश डॉक्टर. अंगावरचं दूध पिणारी बाळं आणि उकळलेल्या गाईच्या दुधावरची बाळं यांच्या वजनांची तुलना त्यांनी १९१२ मध्ये मांडली. बाळं बर्लिनच्या कामगार कुटुंबांतली. अंगावरची बाळं जास्त भरत होती. कुणीही इथेच थांबलं असतं. त्या थांबल्या नाहीत. हा फरक दुधाचा की घरातल्या मिळकतीचा, अशी शंका त्यांनी स्वतःच काढली आणि वडिलांची मजुरी व बाळाचं वजन यांचा काही संबंध लागतो का, तेही तपासलं. पहिल्या आठवड्यातल्या बाळांची संख्या थोडी होती, म्हणून हा फरक निव्वळ योगायोगानं पडला असेल का, हे बघायला त्यांनी 'टी-चाचणी' वापरली. ती चाचणी प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती! स्वतःच्याच निष्कर्षावर असा संशय घेणं मला फार मोठं वाटतं.

मग १९२६. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० बायका आणि कॅन्सर नसलेल्या, साधारण तशाच परिस्थितीत राहणाऱ्या ५०० बायका. दोन्ही गटांना तेच प्रश्न: लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर पाजलं का. रुग्ण बायकांना मुलं कमी होती. पण लग्न उशिरा झालं तर मुलं कमी असणारच, म्हणून तोही हिशोब जमेस धरला, आणि फरक तरीही उरला. आज आम्ही ज्याला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतो, त्याचा हा आद्य नमुना.

१९२९ मध्ये त्यांनी लग्न केलं. विवाहित बाईला सरकारी नोकरीत ठेवायचं नाही, असा तेव्हाचा नियम. त्यांचं संशोधन तिथेच संपलं. त्यानंतर त्या १९६७ पर्यंत होत्या. ती अडतीस वर्षं मला अजून सलतात.

तर मी काय करते? ज्यांना काही झालेलं नाही, अशा बायका शोधते. एका अभ्यासासाठी मी जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डात बसले होते. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एक मावशी माझ्या हातातला फॉर्म बघून म्हणाल्या, "मला कॅन्सर नाही गं बाई. मला कशाला विचारतेस?"

मी म्हटलं, "नाही ना, म्हणूनच. तुमच्याशी ताडून बघितल्याशिवाय त्यांचं दुखणं कळणार नाही."

त्यांनी पदर सारखा केला, थोडं सरकून मला कॉटवर जागा दिली. "मग लिही. पहिलं पोर सतराव्या वर्षी. दोन वर्षं अंगावर पाजलं."