पंजाबी हॉटेलात आधी डाळ मागवा

आमच्याकडे जळगावात वाढदिवस असो, कोणाला नोकरी लागलेली असो की पुण्याहून पाहुणे आलेले असोत, बाहेर जेवायला जायचं म्हणजे पंजाबी हे ठरलेलंच, त्यावर चर्चा होत नाही, चर्चा होते ती फक्त हायवेवरच्या गार्डन हॉटेलात जायचं की गावातल्या एसीवाल्यात. आणि मेन्यू कार्ड आलं की सगळ्यांचं बोट थेट पनीरच्या पानावर. मी डाळ म्हटलं की आप्पा म्हणजे माझे सासरे लगेच म्हणतात, "अगं डाळ तर घरी रोजच शिजते, तेवढ्यासाठी इथपर्यंत कशाला यायचं?" बरोबर आहे त्यांचं, पैसे देऊन घरचंच कशाला खायचं असं कोणालाही वाटेल. पण माझं मत पक्कं आहे, पंजाबी हॉटेलाची खरी पारख डाळ आणि रोटीवर होते, पनीरवर नाही.

कारण सांगते. पनीरच्या पानावर वीस-पंचवीस नावं असतात पण बहुतेक हॉटेलांच्या किचनमध्ये ग्रेव्ह्या असतात तीनच, टोमॅटोची लाल, काजू आणि मगज बियांची पांढरी, आणि परतलेल्या कांद्याची ब्राऊन. सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवतात. ऑर्डर आली की लाल घेतली, बटर आणि कसुरी मेथी टाकली की बटर मसाला, पांढरी घेतली की शाही, ब्राऊनमध्ये ढोबळी मिरची आणि कुटलेले धणे टाकले की कढाई. यात फसवणूक काही नाही, शंभर माणसं जेवायला बसलेली असताना प्रत्येक टेबलाला वेगळी भाजी पंधरा मिनिटांत देणं दुसऱ्या कोणत्या पद्धतीने जमणार? पण त्यामुळे एक पनीर आणि दुसरं पनीर यातला फरक वरवरचा राहतो, आणि आचाऱ्याचा हात कसा आहे ते काही कळत नाही.

डाळीचं तसं नाही. दाल मखनीला अख्खे काळे उडीद आणि मूठभर राजमा रात्रभर भिजवायचे, मऊ शिजवायचे, आणि मग टोमॅटो-लोणी घालून मंद आचेवर तासनतास ठेवायचे, जुन्या पद्धतीत तर रात्री धंदा संपला की तंदूरच्या उरलेल्या निखाऱ्यांवर डाळीचं भांडं ठेवून द्यायचे आणि ती सकाळपर्यंत शिजायची. मधूनमधून ढवळत राहिलं की उडदातूनच ती दाट होते. जिथे घाई केली असेल तिथे चमच्याने लगेच समजतं, दाणा एकीकडे, पाणी एकीकडे, आणि ते झाकायला वरून क्रीमचा थर. अशी डाळ आली की मी पुढची ऑर्डर हात आखडूनच देते.

आपण ज्याला पंजाबी म्हणतो त्यातलं बरंचसं घरातलं नाहीच मुळी, हॉटेलातलंच आहे. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या कुंदनलाल गुजराल, कुंदनलाल जग्गी वगैरे मंडळींनी १९४७ मध्ये दर्यागंजला मोती महल सुरू केलं, तंदुरी चिकन, बटर चिकन आणि दाल मखनी देशभर पोचली ती तिथून. बटर चिकन नेमकं कोणी शोधलं यावरून दोन्ही घराण्यांच्या वारसांचा वाद २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेला, आणि मला तर यात कौतुकच वाटतं, घरदार तिकडे सोडून आलेल्या माणसांनी हातातल्या कलेवर पुन्हा उभं केलेलं हे सगळं आहे, त्यासाठी पुढच्या पिढीने भांडावं इतकं ते मोलाचं आहे. कसुरी मेथीचं कसूर गावसुद्धा आता पाकिस्तानात आहे.

पंजाबी घरातली काळी डाळ मात्र यापेक्षा साधी, आलं-लसूण, थोडा कांदा, वरून तूप, क्रीम नाही. तशी चव घ्यायची असेल तर धुळ्याला मुंबई-आग्रा हायवेवरच्या गुरुद्वारात लंगरला बसा. रांगेत सगळे खाली बसलेले, ट्रक ड्रायव्हर, नांदेडला निघालेले यात्रेकरू, आपल्यासारखे वाटसरू, आणि सेवा करणारे डाळ वाढत जातात, रोटी दोन्ही हातांवर घ्यायची. आग्रा रस्त्याने मुंबईला जाणारे ट्रक सेंधव्याकडून शिरपूर, धुळे असेच येतात, आणि सुरत-नागपूर रस्ताही धुळ्यातच त्याला छेदतो, म्हणून आपल्या भागात ढाब्यांची चव तशी जुनीच. त्या ढाब्यांवर खाटेवर बसून खाल्लेली दाल फ्राय आप्पांनाही आवडायची, हे ते स्वतःच सांगतात, फक्त फॅमिलीसोबत हॉटेलात गेलं की त्यांना पनीर मागवणं म्हणजे पाहुणचार वाटतो.

आणि उडीद आपल्याला परका आहे का? खान्देशात सालीच्या उडदाची डाळ आणि भाकरी हे जेवण कोणाला माहिती नाही. कळण्याच्या भाकरीत तर ज्वारीसोबत उडीदच दळलेले असतात. म्हणून मला वाटतं की दाल मखनीचा पहिला घास खान्देशी माणसाला जितका लवकर कळतो तितका दुसऱ्याला कळत नसेल, आपल्या जिभेला त्या चिकटपणाची आणि त्या मातकट चवीची सवय लहानपणापासून आहे. आपण तिखट करतो, ते लोण्यात मऊ करतात, एवढंच.

आता रोटी. तंदूर म्हणजे मातीची मोठी भट्टी, खाली कोळसा, आणि रोटी आतल्या भिंतीला चिकटवायची. आपले मांडे खापराच्या पाठीवर भाजतात, तिथे माती आतून तापते आणि आपण बाहेरून भाजतो, तंदुरात माती तीच पण भाजणं आतून. चांगली तंदुरी रोटी कणकेची असते, तिला करपलेले ठिपके असतात, आणि तुटताना वाफ येते. मैदा जास्त असला की पाच मिनिटांत चामडं होतं. वेटरला सरळ विचारा, "भाऊ, गव्हाच्या पिठाची आहे का?" ते सांगतात खरं, लपवत नाहीत. आणि कृपा करून सगळ्यांच्या रोट्या एकदम मागवू नका, माणशी एकेक सांगा, संपत आली की पुढची. आमच्याकडे आधी बारा रोट्या टोपलीत येऊन पडायच्या आणि शेवटच्या चार कोणी हातात धरायचं नाही.

पनीर खाऊच नका असं माझं म्हणणं नाही, मुलांना तेच लागतं. फक्त एक लक्षात ठेवा, बाजारात अ‍ॅनालॉग पनीर म्हणून एक प्रकार मिळतो, त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं. ते विकायला बंदी नाही पण सांगून विकलं पाहिजे, आणि खाणाऱ्याला कळलं पाहिजे की आपण काय खातोय, पैसे तर आपण पनीरचेच देतो ना. माझ्या मते हे मेन्यू कार्डवरच लिहिलेलं असावं.

डिसेंबर-जानेवारीत गेलात तर सरसों का साग आहे का ते विचारा. मोहरीचा पाला, त्यात पालक, बथुआ म्हणजे आपला चाकवत, घोटून घोटून केलेलं, आणि सोबत मक्याची रोटी आणि गूळ. मका आपल्या जळगाव-धुळ्यात शेतं भरून पिकतो पण त्याची भाकरी आपण फारशी करत नाही, तो निघतो विकायला. साग मिळणाऱ्या जागा इकडे कमी, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे भरीत पार्ट्या चालू असतात त्यामुळे कोणाचं तिकडे लक्षही जात नाही. पण मिळालं तर सोडू नका.

आता आम्ही गेलो की मीच ऑर्डर देते. सुरुवातीला लस्सी नाही, पोट तिथेच भरतं. एक दाल मखनी, एक सुकी भाजी म्हणजे आलू गोभी किंवा भेंडी, मुलांसाठी एक पनीर, आप्पांसाठी शेवभाजी कारण खान्देशातल्या पंजाबी हॉटेलातही ती असतेच आणि त्यांना ती लागतेच, आणि जिरा राईस डाळ उरली तरच. राईस नको असेल तर उरलेली डाळ पार्सल करून घ्या, सकाळपर्यंत घट्ट होते, गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला आणि बाजरीची गरम भाकरी चुरून खा, सोबत कच्चा कांदा.