बाबांच्या येझदीसाठी परसातलं गॅरेज

गोव्यातल्या आमच्या सावईवेऱ्याच्या घरामागे गुरांचा जुना गोठा होता. गुरं जाऊन वीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून त्यात बाबांची येझदी रोडकिंग मोटरसायकल उभी होती. त्यांनी ती १९८४ मध्ये घेतली. तेव्हा ते म्हापशाला नोकरीला होते. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला, त्यानंतर कितीतरी महिने हीच गाडी फेरीबोटीवर चढवून ते नदीपलीकडे बेतीला उतरायचे. पुढल्या मडगार्डावर अजून जीडीपासून सुरू होणारा, गोवा-दमण-दीव एकत्र होते तेव्हाचा जुना नंबर आहे. कौलं फुटली, पाणी आत आलं, आणि एक दिवस टाकीला हात लावला तर पत्रा आत गेला. त्या दिवशी ठरवलं, आधी जागा नीट करायची, गाडी मग.

घरालाच लागून शेड काढ, असं सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते. आमच्या स्वयंपाकघरात अजून चूल पेटते, शिवाय आईला थिनरच्या वासाने खोकला येतो. गोठा घरापासून तीस-एक मीटरवर होता, तो वेगळाच राहू दिला.

सगळ्यात जास्त वेळ कागदांनी खाल्ला. आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सरकारी नकाशावर ऑर्चर्ड म्हणजे बागायती झोनमध्ये येतं, पण घर आणि गोठा सेटलमेंट म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये आहेत. जुन्या सर्व्हे प्लॅनवर गोठा दाखवलेला सापडला तेव्हा जीव भांड्यात पडला. पडकं बांधकाम होतं तेवढ्याच मापात उभं करतो, असं पंचायतीला सांगता आलं. खरी अडचण एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या नोंदीत होती. त्यावर अजून आजोबांचंच नाव. गोव्यात वारसा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणाने चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. त्यामुळे बाबा, दोन काका, दोन आत्या आणि या पाचही जणांचे जोडीदार, अशा दहा जणांची संमती घ्यायची होती. धाकटे काका ठाण्याला, मोठी आत्या बेळगावला.

आत्याने सही करण्याआधी एकच विचारलं, "तुझ्या बाबांची गाडी परत चालणार ना रे?"

"चालवणार, आत्या."

"मग आण कागद."

मोठे काका मात्र चार महिने गप्प होते. गोठ्याच्या निमित्ताने जागाच माझ्या नावावर जाईल, अशी त्यांना धास्ती. मी त्यांच्यासोबत वकिलाकडे बसलो आणि संमतीपत्रात स्पष्ट लिहून घेतलं, की या बांधकामाने कुणाचाही हक्क कमी होत नाही. ते वाक्य पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर चार महिने वाचले असते. गोव्यात असं काही करणाऱ्याने सिमेंटचा भाव विचारण्याआधी उतारा काढून नावं मोजावीत. काम स्वतःच्या गाड्यांपुरतं असल्याचंही अर्जात लिहिलं. धंद्याचं गॅरेज असतं तर पंचायतीचा व्यवसाय परवाना वेगळा लागला असता.

जानेवारीत पाया खोदला. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो, पण त्याची भोकं तशीच राहतात. तो पाणी पितो, आणि जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते. म्हणून जोतं दीड फूट उंच घेतलं, जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर टाकला आणि फरशीखाली जाड प्लास्टिक अंथरून वर काँक्रीट केलं. गवंड्याला प्लास्टिक म्हणजे उधळपट्टी वाटली. मी हट्टाने घातलं, आणि पहिल्या पावसाळ्यात फरशी कोरडी राहिली. चिऱ्याचा दुसरा गुण असा की त्यात खिळा-बोल्ट धड धरत नाही. भोक पाडलं की कडा भुसभुशीत होऊन सुटतात. व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) आणि जड शेल्फ भिंतीला न लावता फरशीवर उभ्या केलेल्या लोखंडी चौकटीवर बसवले.

छपराला पत्रा घालायचा सल्ला खूप मिळाला. पत्रा स्वस्त पडतो हे खरं, पण पावसाळ्याच्या थंड रात्री त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि खाली उघड्या ठेवलेल्या इंजिनावर थेंब पडतात. मी मंगळुरी कौलंच घातली, मधे चार काचेची. सकाळी दहाच्या सुमारास त्यातून येणारा उजेड बरोबर बाकावर पडतो. तो मला फार प्रिय आहे. माकडं दरवर्षी पाच-दहा कौलं फोडतात, म्हणून शंभर जास्तीची रचून ठेवली आहेत.

गाडीखाली जायला खड्डा करायचा बेत मी सोडून दिला. जड वाफ तिथेच साठते, आणि जुलैत आमच्याकडे जमिनीत पाणी इतकं वर येतं की खड्ड्याची विहीर होईल. त्याऐवजी फोंड्यातल्या एका वेल्डरकडून जॅकवर उचलणारा रॅम्प करून घेतला. दोन्ही भिंतींना फरशीलगत झरोके ठेवले, साप-विंचवासाठी बारीक जाळी लावून.

वीज घरातून ६ चौरस मिलिमीटरच्या आर्मर्ड केबलने जमिनीखालून आणली. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच आहे. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून केला. पण चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये अगदी सुकते, तेव्हा त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. हे इलेक्ट्रिशियनने सांगितलं नव्हतं. एकदा कंप्रेसरच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तेव्हा शोधून काढलं.

मेच्या अखेरीस जागा तयार झाली आणि मी घाई केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस थोडा उघडला म्हणून मडगार्डावर काळा रंग मारला. अर्ध्या तासात त्यावर पांढुरकी साय आली. थिनर उडताना पत्रा गार होतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. तीन दिवसांची घासाई पाण्यात गेली. भिंतीवरचं मीटर तेव्हा ९१ टक्के आर्द्रता दाखवत होतं. आता जूनपासून दसऱ्यापर्यंत रंगाचा डबा उघडत नाही, आणि कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढतो.

पावसाळ्यातलं काम म्हणजे खोलणं आणि गंज काढणं. टाकीच्या बुडाचा कुजलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडून घेतला. जोडाआधी टाकी पाण्याने भरली, कारण रिकाम्या टाकीतली वाफच जीव घेते. आतल्या उरलेल्या गंजासाठी पाण्यात धुण्याचा सोडा मिसळून, मधोमध लोखंडी सळई कुठेही टाकीला टेकणार नाही अशी टांगून, १२ व्होल्टचा चार्जर जोडला. सळईला धन, टाकीला ऋण. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे व्हरांड्यात, उघड्यावर. दोन दिवसांत गंजाचा लाल चिखल निघाला. काढलेलं जुनं तेल मी कुळागराच्या पाटात जाऊ देत नाही. डबा भरला की फोंड्यातल्या गॅरेजच्या पिंपात जातो. या पाटाच्या पाण्यावर पाच घरांच्या सुपाऱ्या आहेत.

एक फसगत मनाला फार लागली. ऑनलाइन मागवलेला पिस्टन मूळ कंपनीचा म्हणून आला आणि मायक्रोमीटरवर माप चुकीचं निघालं. पैसे परत मिळाले नाहीत. आता भाग हातात घेऊन मोजल्याशिवाय सिलिंडर बोरिंगला, म्हणजे आतून त्या मापाला कोरायला देत नाही.

इंजिनाचे सुटे भाग तेल लावून, सुती कापडात गुंडाळून एका लाकडी कपाटात ठेवले. त्यात खालच्या फळीवर एक छोटा बल्ब दिवसरात्र जळतो, तेवढ्या उबेने आतली हवा कोरडी राहते. प्लास्टिक मी मुद्दाम टाळलं, ते ओल आतच कोंडून ठेवतं.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं सामान आणून झाल्यावर बाबा पहिल्यांदाच संध्याकाळी मागे आले. अडीच महिने धो धो पाऊस झाला होता. त्यांनी कपाट उघडलं, क्रँकवरचं कापड सोडलं आणि त्यावरून बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं, गंज नाही. मग कितीतरी वेळ ते तिथेच, बाकावर बसून राहिले.

सिलिंडर मागच्या आठवड्यात बोरिंग होऊन आला आहे. रंग जानेवारीत.