टोपीतलं दफ्तर

टापटिपीच्या माणसांबद्दल मला आदर आहे. जीव मात्र पसारेवाल्यांवर जडतो. या पंथाला कुलदैवत नेमायचं असेल तर माझं मत अब्राहम लिंकनला. राष्ट्राध्यक्ष लिंकन नव्हे. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डला वकिली करणारा, मधे १८४७ ते १८४९ अशी एकच मुदत काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, काढून पुन्हा पक्षकारांकडे वळलेला लिंकन.

याचं दफ्तर डोक्यावर असे. उंच नळकांडी टोपी आणि तिच्यात कोंबलेली पत्रं. १८५० मध्ये एका पत्राचं उत्तर रखडलं, तेव्हा त्याने कारण सरळ कळवून टाकलं: पत्र जुन्या टोपीत ठेवलं, दुसऱ्याच दिवशी नवी टोपी घेतली, जुनी बाजूला पडली आणि पत्रही नजरेआड झालं. झालं! टोपी सोडून कुणाचाच दोष नाही.

भागीदार विल्यम हर्न्डन, तोही आवराआवरीतला नव्हेच. कचेरीत कागदांचा एक गठ्ठा होता. त्यावर लिंकनने लिहून ठेवलं होतं, 'दुसरीकडे कुठेच सापडलं नाही, तर यात बघा.' याहून प्रामाणिक फायलिंग माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि हाच गृहस्थ, मेक्सिकोशी युद्ध चालू असताना, काँग्रेसमध्ये पाय ठेवतो न ठेवतो तोच ठराव मांडतो. मेक्सिकोने आमच्या भूमीवर आमचं रक्त सांडलं, असं राष्ट्राध्यक्ष पोक सांगतात ना? मग ती नेमकी जागा दाखवा! स्वतःचं पत्र कुठल्या टोपीत आहे, हे ज्याला सांगता येऊ नये त्याने हे विचारावं! विरोधकांनी टर उडवली, पोक यांनी उत्तरच दिलं नाही. प्रश्न मात्र बिनतोड होता. तो मुलूखच वादातला होता.

टोपीने एक पत्र बुडवलं खरं, पण भरपाईही केली. देश अर्धा गुलाम, अर्धा मुक्त असा कायमचा टिकणार नाही, हे बजावणारं १८५८ चं गाजलेलं भाषण त्याने सुचेल तसं पाकिटांवर, चिठोऱ्यांवर लिहिलं आणि टोपीत टाकत गेला. पक्षाचं अधिवेशन तोंडावर आलं तेव्हा कुठे सलग उतरवून काढलं. हर्न्डननेच हे सांगून ठेवलंय.

केराचं काय विचारता! खासदारांना तेव्हा शेतकऱ्यांना वाटायला बियाणं मिळे. कायदा शिकायला आलेल्या जॉन लिटलफिल्डने कचेरी साफ करायला घेतली, तर साठलेल्या मातीत त्यातल्या काही बियांना चक्क कोंब फुटलेले. बाकीचं बियाणं शेतांपर्यंत पोचलं असेलही. एवढं पीक मात्र वकिलाच्या कचेरीतच आलं.